तिसऱ्या हाकेला ओ

प्रिय अनू,

येशूच्या नावात सलाम. माझं अक्षर बघून हसू नको गो. शाळेत मास्तर बोलायचे, पुतळे, पाटीवरून कोंबडी चालली काय? आज मला त्या कोंबडीचाच आधार हाय. का, ते शेवटाला सांगते. लहानपणी गोष्ट सुरू झाली की आधी शेवट विचारायचीस, तसं करू नको. दम धर.

इथं शेजारच्या बायजाच्या मिठागरात मीठ धरायला लागलंय. ती बोलते, वर साय दिसली म्हणून लगेच फावडं घातलं तर हाती चिखलच येतो. रविवारी पाळकांनी धीरावर उपदेश केला, तोपण एवढा लांब की मी बोलले, पाळक, तुमचं शेवटपर्यंत ऐकलं, हाच माझा धीर. हसले बिचारे. पण मनात तूच होतीस. तुझा मिथुन, माझा जावई, धरमतरच्या मालाच्या बार्जवरून नाहीसा झाला त्याला वर्ष होत आलं. जिता हाय का नाय, कोण सांगत नाय, आणि तू रोज देवाकडं त्याच्या येण्याची तारीख मागतेस. मीपण मागितली. देव गप हाय.

खाडी गप नाय. सांजेला भरतीचं पाणी बांधाला लागलं की तिकडून तुझ्या नावाची हाक येते. अगदी मिथुनसारखी, शेवटचं अक्षर ओढून. एकदाच. मग नुसतं पाणी. बायजाची कुत्री शेपूट घालून चुलीमागं जाते. मी तिला चिडवते, अगो, तुझं नाव थोडंच घेतलं? पण मीपण दाराची कडी लावून घेते. इथं सांजेच्या पहिल्या हाकेला कोण ओ देत नाय, तुला ठाऊक हाय. माणूस असला तर दुसरी मारील, तिसरी मारील. जो माणूस नाय, त्याला एकच मारता येते. मी बायजाला बोलले, हे तर आमच्या शास्त्रातपण हाय. देवानं शमुवेलाला हाक मारली, तो पोरगा चुकून म्हाताऱ्या एलीकडंच पळायचा, तरी देव कंटाळला नाय, परत परत मारली. ज्याची हाक खरी, त्याला घाई नसते.

तुझ्या बाबाचं तुला लहान म्हणून सांगितलं नव्हतं. भात वाढून मी घसा फोडायची तरी हा माणूस जाग्यावरनं हलायचा नाय. आणि त्या सांजेला बांधावरनं त्याच्या मेलेल्या भावाची एक हाक आली, तर भरल्या ताटावरनं उठला, ओ देत गेला. ओहोटीला बुडालेला सापडला. एवढ्या पाण्यातनं आला, तरी बोटांना भात तसाच चिकटलेला होता.

आता का लिहिलं ते. काल तू फोनवर बोललीस, आई, परवा तूच सांगितलंस ना, मिथुन आलाय, सांजेला बांधावर ये, म्हणून मी शनिवारी येते. अनू, परवा मी फोन केलाच नव्हता. तेच सांगितलं तर तू रडत बोललीस, मग परवाची आई खरी का आजची? आणि फोन ठेवलास. म्हणून हा कागद. माझा आवाज कुणीतरी घेतलाय. पण माझ्या अक्षराची ही कोंबडी कुणाला काढता यायची नाय. बांधावर येऊ नको. मिथुन जिता असला तर देव त्याला त्याच्या वेळेला रोह्यात तुझ्या दारातच आणील. बायजाचा पोरगा हरेश आता रोह्याला शिफ्टला निघालाय, त्याच्याकडं हे देते, आणि मी मागनं दुपारच्या एसटीनं येते. दारात उभी राहून हाक मारीन. पहिलीला ओ देऊ नको. दुसरीलापण नाय. तिसरी झाल्यावर कडी काढ. मी उभी राहीन, गुडघे दुखले तरी. आणि एका हाकेनंतर बाहेर गप झालं, तर आवाज माझा असला तरी कडीला हात लावू नको. प्रार्थना करत बस आणि समज, आई अजून वाटेत हाय.

तू हे वाचशील तेव्हा एसटीत बसलेली, तुझीच आई,
पुतळी