डंबर राय यांना मंजूर झालेला वकील परत न घेण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कायदेशीर बचाव निधी,
मानवसेवा विभाग, हार्लो काउंटी,
पेनसिल्व्हेनिया.

विषय : श्री. डंबर बहादूर राय हे समक्ष हजर राहू शकत नसल्याच्या कारणावरून त्यांना मंजूर झालेला वकील रद्द न करणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे २९ एप्रिलचे मंजुरीपत्र.

मा. महोदया,

खाली सही करणारी अर्जदार इंद्रकला राय, मुक्काम हार्लो काउंटी, हॉटेलच्या धुलाईखात्यात नोकरीस, प्रथम आपल्या मंजुरीपत्राबद्दल आभार मानते. अर्जदाराचा धाकटा भाऊ डंबर यास हद्दपारीविरुद्ध लढण्यासाठी काउंटीच्या खर्चाने वकील देण्यात आल्याचे त्यात लिहिले आहे. पत्र हाती आले त्या दिवशी डंबर या देशात नव्हता. त्याला विमानात बसवून तीन आठवडे होऊन गेले होते. तरी पुढील हकिगत विचारात घ्यावी, ही विनंती.

१. अर्जदार व डंबर यांचा जन्म दक्षिण भूतानातला. नेपाळी बोलणाऱ्या कुटुंबांना तिथल्या सरकारने बाहेर काढले तेव्हा डंबर आईच्या पाठीवर होता आणि अर्जदाराच्या डोक्यावर भांड्यांचे गाठोडे. पुढे नेपाळातल्या छावणीत बांबूच्या झोपडीत वीस वर्षे काढली. आई, श्रीमती सुकमाया, दिवसभर खडी फोडायला जाई, त्यामुळे डंबरला न्हाऊ-माखू घालणे, शाळेत सोडणे, खोड्या केल्यावर बडवणे हे सगळे अर्जदारानेच केले. त्यानंतर या देशाच्या सरकारने स्वतःहून विचारणा केली, तपासणी केली आणि आम्हाला इथे आणले. आम्ही चोरवाटेने आलो नाही, एवढे नोंदीस घ्यावे.

२. डंबरच्या नावावर जो गुन्हा आहे तो असा. मामेबहिणीच्या लग्नात, भाड्याने घेतलेल्या सभागृहाबाहेर, गाडी लावण्याच्या जागेवरून एका गृहस्थाशी त्याची बाचाबाची झाली. डंबरने त्यांना ढकलले, ते पडले व त्यांचे मनगट मोडले. हे झाले, ते अर्जदार नाकारत नाही. कोर्टाने दिलेले वकील डंबरला व्हरांड्यात उभ्या उभ्या भेटले. फोनवर जो दुभाष्या जोडला तो हिंदी बोलणारा निघाला. डंबरला हिंदी येते ती छावणीत पाहिलेल्या सिनेमांपुरती. घरी येऊन तो म्हणाला, "दिदी, मला दोनच शब्द नीट कळले, 'आज' आणि 'घर'. म्हणून मी हो म्हणालो." गुन्हा कबूल केल्याने पुढे कधी तरी देश सोडावा लागेल, हे त्याला कोणी हिंदीतूनही सांगितले नाही. त्यानंतर नऊ वर्षांत त्याच्यावर दुसरी तक्रार नाही. गोदामात रात्रपाळी, रविवारी आईला घेऊन बाजार, असा त्याचा क्रम होता.

३. फेब्रुवारीच्या अखेरीस रात्रपाळी संपवून गोदामाबाहेर पडताना त्याला धरण्यात आले. दुपारी त्याचा फोन आला. अर्जदाराला वाटले, आता हा रडेल. तो म्हणाला, "दिदी, किल्ली गाडीतच राहिलीय. कुणाला तरी पाठवून गाडी हलव, नाहीतर ते ओढून नेतील." अर्जदाराला गाडी येत नाही. गोदामातल्या त्याच्या एका जोडीदाराने ती आणून दारात लावली. ती अजून तिथेच आहे.

४. त्याच आठवड्यात अर्जदार आपल्या कार्यालयात आली. खिडकीवरील बाईंनी अतिशय सभ्यपणे वागवले, पाणी दिले, नेपाळी बोलणारा माणूस फोनवर जोडून दिला, ही गोष्ट अर्जदार विसरलेली नाही. परंतु त्या म्हणाल्या, "मला खरंच वाईट वाटतंय हो, पण मारहाणीचा गुन्हा असेल तर निधी देता येत नाही." अर्जदाराने विचारले, तो गुन्हा काढून टाकता येतो का? बाई म्हणाल्या, "येतो कधी कधी. कबुली न समजता दिली होती असं कोर्टाला पटवावं लागतं. त्यासाठी चांगला वकील हवा." अर्जदाराने विचारले, मग तो वकील कोण देईल? बाई बराच वेळ संगणकाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तो आम्हीच देतो."

अर्जदाराला वाटले, दुभाष्याचे काही तरी चुकले. म्हणून तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. दुभाष्या म्हणाला, "दिदी, मी बरोबर सांगतोय. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत तरी उत्तर हेच येणार."

५. बाईंनीच मार्ग दाखवला की विशेष बाब म्हणून समितीकडे जाता येते. मात्र त्या अर्जावर बहिणीची सही चालत नाही. पत्नी, अपत्य किंवा आई-वडील लागतात. डंबरचे लग्न झालेले नाही. आईला तोवर काही सांगितलेले नव्हते. तो दुसऱ्या गावी कामाला गेला आहे, अशी तिची समजूत करून दिली होती. ती स्वयंपाकघरात गुंद्रुकासाठी, म्हणजे आंबवून वाळवायच्या भाजीसाठी, मोहरीचा पाला बरणीत दाबत होती, तिथे जाऊन अर्जदाराने सांगितले, "आमा, डंबर कामाला गेलेला नाही. त्याला धरलंय. भूतानला पाठवणार म्हणतात."

आईचे हात थांबले. ती म्हणाली, "भूतानला? आपल्या?"

"हो."

"मग रडतेस कशाला गं? आपलं घर आहे तिथं. ओढ्याच्या वरच्या अंगाला संत्र्याची बाग. त्याला म्हणावं, कुणालाही विचार, सुकमायाचं घर दाखवतील."

"आमा, ते आपलं राहिलं नाही आता."

"पाठवतायत म्हणजे त्यांनी परत घेतलंच असेल की. घ्यायला कुणी उभं नसताना उगाच कोण कुणाला पाठवील?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.

आईने अंगठा दिला. देताना तिने विचारले, "हा कागद त्याला तिकडं धाडायचा, की इथं ठेवायचा?" अर्जदार म्हणाली, "इथं ठेवायचा." त्यावर आई म्हणाली, "मग दोन्हीकडचा कर. तिकडचं घर मिळालं तरी इकडचं राहू दे."

६. समितीची मार्चची बैठक सदस्यसंख्या पुरी न झाल्याने पुढे गेली. ज्या सदस्यांना येता आले नाही त्यांच्याही अडचणी असतील. दरम्यान डंबरला पेनसिल्व्हेनियातून लुइझियानातल्या कैदखान्यात हलवले. तिथला फोन लागला तर त्याची पाळी नसे, त्याची पाळी असे तेव्हा फोन लागत नसे. अर्जदाराने आपल्या कार्यालयात कळवले की बैठक लवकर घ्यावी. उत्तर मिळाले की बैठका ठरलेल्या दिवशीच होतात. एप्रिलच्या बैठकीआधीच त्याला विमानात बसवले.

७. नंतर पहिला फोन आला तो एका दुकानदाराच्या मोबाईलवरून. "दिदी, मी छावणीत आहे." अर्जदाराने विचारले, कुठल्या छावणीत? तो म्हणाला, "आपल्याच." भूतानात उतरल्यावर त्याला जेवायला घातले, त्याला न कळणाऱ्या भाषेत प्रश्न विचारले आणि गाडीत बसवून सीमेवर आणून सोडले. वाटेत तो खिडकीतून बघत होता, पण कुठली वस्ती हे त्याला कोणी सांगेना. तिथून भारतातून वाट काढत तो नेपाळात शिरला, कारण जगात त्याच्या ओळखीची तेवढीच एक जागा होती. आता तिथले पोलीस म्हणतात की तू परवानगीवाचून आलास, ज्या देशातून आलास तिकडे परत जा. डंबर त्यांना म्हणाला, "साहेब, पाठवा ना. मी गाडीत बसायला तयार आहे. कुठं जायचं ते तेवढं ठरवा."

आईने फोन हिसकावून घेतला. "घर बघितलंस?"

तो म्हणाला, "बघितलं, आमा."

"आणि बाग?"

"आहे की. संत्री नुसती लगडलीत."

"एप्रिलात?" आई म्हणाली. मग फोन अर्जदाराच्या हातात देऊन ती आत गेली व भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. संत्री तिकडे थंडीत उतरतात, हे अर्जदारालाही ठाऊक आहे. डंबर तिथून निघाला तेव्हा इतका लहान होता, त्याला कसे ठाऊक असणार?

८. यानंतर आपले मंजुरीपत्र आले. मारहाणीच्या नोंदीकडे विशेष बाब म्हणून पाहून समितीने वकील मंजूर केला आहे. अट एकच, की डंबरने ओळखपत्र व या काउंटीत राहत असल्याचा पुरावा घेऊन मुदतीत समक्ष यावे, अन्यथा मंजुरी आपोआप रद्द होईल. अर्जदाराने फोन करून परिस्थिती सांगितली. आपले सहकारी म्हणाले, "परदेशात असेल तर तो इथला रहिवासी धरता येत नाही. त्याला इकडं यायला जमलं की परत अर्ज करू द्या." तो वकिलावाचून येऊ शकत नाही, आणि आल्यावाचून त्याला वकील मिळत नाही, हे अर्जदाराने सांगितले. सहकाऱ्यांनी ते लिहून घेतले.

९. ज्या कोर्टात डंबरने न समजता हो म्हटले ते कोर्ट आपल्या कार्यालयाच्या समोरच्याच रस्त्यावर आहे. अर्जदाराने एका वकीलबाईंना विचारले असता त्या म्हणाल्या, "माणूस इथं नसतानाही ती कबुली रद्द करायला मागता येते. सोपं नाही, मी खोटी आशा दाखवणार नाही. पण फुकटही नाही." तरी मंजूर झालेला वकील डंबरऐवजी त्याच्या त्या जुन्या खटल्याकडे पाठवावा. समक्ष हजेरी डंबरच्या वतीने अर्जदार देईल. सांगाल त्या वेळी येईल, सांगाल तितका वेळ उभी राहील. रहिवासाचा पुरावा म्हणून त्याची खोली, त्याचे कामाचे बूट आणि दारातली गाडी आपल्या माणसाने येऊन पाहावी. एवढेही नियमात बसत नसेल तर निदान मुदत वाढवावी. किती वाढवावी हे अर्जदाराला सांगता येत नाही.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
इंद्रकला राय
दि. १९ मे २०२५

सोबत : १. मंजुरीपत्राची प्रत. २. श्रीमती सुकमाया राय यांचा अंगठा असलेले संमतिपत्र. ३. डंबरच्या गोदामातील मुकादमाचा दाखला.

टीप : उत्तर नकाराचे असल्यास कृपया टपालाने पाठवावे, फोन करू नये. मंजूर झाले एवढेच आईला कळले आहे. तेव्हापासून ती फोनपाशीच बसून असते आणि पहिली घंटा वाजताच उचलते.