त्या रविवारची मेथी

नारायण पेठ, पुणे
१२ जुलै २००५

चि. अवनी हिस अनेक आशीर्वाद.

तेजसला दात आले का? तुझ्या हाताची झोळी सुटली का? तुझं माहेर इथून दहा मिनिटांवर, पण तुझे वडील बापूराव मला दार उघडणार नाहीत. उघडूही नये. म्हणून पत्र.

सोबत एक चिठ्ठी आहे. तुझ्या बाळंतपणात चिमटे लावावे लागले, टाके पडले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती माझ्याकडे दिली होती. लघवीवर ताबा राहिला नाही तर फिजिओथेरपिस्टकडे लगेच आणा, असं तीत लिहिलंय.

मी तुला ती दाखवलीच नाही. सव्वा महिना बाळंतीण उंबऱ्याबाहेर जात नाही, पोट घट्ट बांधलं की सगळं जागेवर येतं, असं मी धरून चालले. पट्टा मीच आवळायचे. तू कळवळायचीस. व्यायामासाठी तुला पाठवा, म्हणून दवाखान्यातून दोनदा फोन आला. "आमच्याकडे बाळंतिणी कवायत करत नाहीत," असं सुनावून मी ठेवून दिला.

तुझे कपडे ओले होतच राहिले. माझ्या भावाने, सलिलने, आधी अंथरूण वेगळं केलं, मग टोमणे, मग हात.

त्या रविवारी सकाळी "तेजस बरा तुझ्यापेक्षा!" म्हणत सलिलने तुला केसांना धरून ओढलं. ओल्या चादरीवर तुझं तोंड घासलं. ओटीपोटात लाथा घातल्या. मोजल्या नाहीत मी. कपाटावर आपटलीस तेव्हा खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज आला. "ताई, ताई," म्हणत होतीस.

हॉस्पिटलात मी सांगितलं, "न्हाणीघरात पडली. मी मंडईत गेले होते."

डायरीतही तेच लिहिलं: मंडई, मेथीच्या दोन जुड्या. तेवीस वर्षं डायरी लिहितेय. ते पान रोज उघडते. त्या दिवशी घरात मेथी नव्हती, अवनी. मी शेजारच्या खोलीत लंगोटांच्या घड्या घालत होते. दार उघडं होतं. एक घडी वाकडी झाली, ती मी मोडून पुन्हा घातली.

काल पोलीस चौकीत जबाब दिला. सलिल म्हणाला, "ताई, चिठ्ठी तू लपवलीस आणि आता मला अडकवतेस?" चिठ्ठीचंही जबाबात लिहून घ्यायला लावलं.

फिजिओथेरपिस्टबाई म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही. गुरुवारी अकराला तुझं नाव लावलंय. मी तिथे नसेन. जा मात्र.

त्या रविवारी घरातच असलेली,
श्यामला