बास्केटखाली उभं राहायला कोणी नव्हतं

बाबा, तुम्हाला कोचपदावरून काढलं त्या दुपारी कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या त्या शाळेच्या लायब्ररीत आपण सगळे लहान मुलांच्या खुर्च्यांवर अवघडून बसलो होतो. मंडळाची मुलींची बास्केटबॉल टीम ओळीने हरत होती. समोरचे पालक काही परके नव्हते, आपल्याच मराठी मंडळातले. पण तुमच्या नजरेला नजर कोणी देत नव्हतं. एक काका घसा खाकरून म्हणाले, "पर्सनली घेऊ नका, पण तुमचं कोचिंग आउटडेटेड झालंय. मुली कन्फ्यूज होतात." तुम्ही शांतपणे विचारलंत, "अन् टीम कशी दिलीये मला, ते कोणी बघणार का?" टीम मी निवडली होती.

आजी गेली म्हणून तुम्हाला घाईने नागपूरला जावं लागलं होतं. निवड माझ्यावर सोपवताना एअरपोर्टवर तुम्ही बजावलंत, "उंच पोरी घे. बॉल बास्केटखालच्या पोरीकडे जाईल, बाकीच्या तिच्याभोवती फिरतील. माझा सगळा खेळ तिच्यावर आहे." मी मान डोलावली. मग मंडळातल्या काकूंचे फोन सुरू झाले. "आपल्याच घरची टीम ना, आमचीला घे गं!" गणपतीत ज्यांच्या बेसमेंटमध्ये पंगतीला बसलो, त्यांना नाही कसं म्हणायचं? मला भीड मोडवेना. तुम्ही तेरावं उरकून परतलात तेव्हा जिममध्ये चपळ, गोड, हुशार मुली उभ्या होत्या आणि एकही माझ्या खांद्याच्या वर नव्हती. ज्यांच्या आग्रहाने ती टीम झाली, तेच आता तुमचा हिशेब मागत होते. याचा मला आजही संताप येतो.

तुमचंही चुकलं, बाबा. त्या मुली पळण्यात पटाईत होत्या. त्यांना पळू द्यायचं सोडून तुम्ही हट्टाने नागपुरात शिकलेला, उंच पोरीभोवतीचाच खेळ खेळवत राहिलात. हा वाद मी मनातल्या मनात तुमच्याशी कितीदा घातलाय. कधी तुम्ही जिंकता, कधी मी, पण मला काही केल्या बरं वाटत नाही.

बैठकीनंतर थंडीत गाडी गरम होईपर्यंत आपण पार्किंग लॉटमध्ये बसलो. तुम्ही विचारलंत, "निवडीला उंच कोणीच आली नव्हती का गं?" मी काच पुसत म्हटलं, "नाही." "मग माझंच चुकलं," तुम्ही म्हणालात, "आहे त्या पोरी खेळवता आल्या पाहिजेत." त्यानंतर तुम्ही बॉलला हात लावला नाहीत, आणि दोन वर्षांत गेलात.

हे पत्र मी आईलाही दाखवणार नाही. एक आली होती, बाबा. दोन बस बदलून, तिच्या आईबरोबर, जवळजवळ तुमच्या उंचीची. एक जागा शिल्लक होती. ती मी एका काकूंना कबूल केली होती, म्हणून तिला म्हटलं, "सॉरी, लिस्ट फुल आहे."