इंजिनाजवळ घालून बघ

बाबा, तुझ्या लाँचवरचे सारंगकाका परवा माझ्या दुकानात आले होते. तू गेलास त्याला बारा वर्षं झाली, आणि या बारा वर्षांत त्यांनी आपल्या घराकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसे? ते रस्त्यात दिसले की आई पदर सावरून थुंकते, अजूनही. गुडघे गेलेत तिचे, पण तेवढा जोर आहे. तुला माझं दुकान ठाऊक नाही. अलिबागला बाजारात एक गाळा घेतलाय, हेडफोन, इअरफोन, खिशात मावणारे स्पीकर, असला माल. दुकान वीतभर आणि माझं तोंड हातभर, म्हणून चालतं. तुझ्या वेळी मी इंटरनेटवर नुसते लेख लिहायचे, आता मोबाइलसमोर बसून व्हिडिओ करते आणि रोजच्या ऐकण्याला कोणता घ्यावा ते लोकांना सांगते. कंपन्या माल पाठवतात. मी तो आठ दिवस कानात घालून मासळीबाजारात फिरते, रिक्षात बसते, रेवसच्या धक्क्यावर वाऱ्यात उभी राहून कुणाला तरी फोन लावते, आणि मग सांगते की हा चष्मेवाल्याला कानामागे दुखणार, यात बातम्या देणाऱ्या बाईचा 'स' कानाला टोचतो, याची बिजागरी आपल्या खाऱ्या हवेत पावसाळासुद्धा काढायची नाही. माझा एक नियम आहे, तो मी प्रत्येक व्हिडिओत घोकते. आवाज मोठा केला की भंगारसुद्धा गोड वाटतं, म्हणून आवाज अगदी बारीक करा आणि शब्द कळतात का बघा. लोकांना हा नियम फार आवडतो. मला आता तो बोलताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

काका आले ते काउंटरला धरून उभे राहिले. पाठीत वाकलेत, दाढी वाढलीय, हातात नातवाचा तुटका इअरफोन. म्हणाले, "पोरी, तू कानाचा बघतंस ना? मना आयकू येल असा कायतरी दे. घरात कोन काय बोलतंय ता समजत नाय." मी नेहमीसारखी फटकळपणे बोलले, की काका, हे गाणी ऐकायचं सामान आहे, औषध नव्हे. आधी डॉक्टरकडे जाऊन कान तपासून घ्या, उगाच यात पैसे घालू नका. हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगते. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, ओठांकडे, तू बघायचास तसे. मग म्हणाले, "ह्याच तुज्या बापाला सांगाला पायजे होता." मी म्हटलं, बाबाला ऐकू यायचं. त्यांनी मान हलवली आणि मी खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

आता बाबा, तुला तुझीच लाँच काय सांगायची, पण ती डोळ्यांसमोर आणल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही. सारंग वर सुकाणूवर. तू खाली इंजिनापाशी, जिथून ना समुद्र दिसतो ना धक्का. तुम्हा दोघांमध्ये एक घंटा, तिची तार वरून खाली आलेली. एक टोला पुढे, दोन थांब, तीन मागे. सारंगाने वरून पाहायचं आणि ड्रायव्हरने खाली न पाहता करायचं. मी सहावीत असताना तू मला एकदा खाली नेलंस. डिझेलच्या वासाने मला मळमळतंय, इंजिनाच्या दणक्याने दात वाजतायत, आणि तू मजेत बसलायस, एक हात गिअरच्या दांड्यावर आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्या तारेवर अलगद ठेवलेली. मी ओरडून विचारते, तार कशाला धरलीस? तू हसतोस आणि काहीतरी बोलतोस, ते मला ऐकू येत नाही. मला वाटलं होतं ती तुझी सवय असेल, कुणी मिशी पिळतं तशी.

तीस वर्षं त्या दणक्यात बसून माणसाचे कान राहतात का? पण मुलगी हेडफोनची पारखी, आणि घरात घालायला पहिला कान बापाचा. नवीन डबा आला की तुला ओटीवर खुर्चीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, भजन लावायचं आणि विचारायचं, बाबा, कसा आहे? तू म्हणायचास, "ग्वाड हाय." मी लिहायचे, आमच्या बाबांना गोड वाटला. वाचणाऱ्यांना ते जाम आवडायचं. परीक्षणं काय, शहरातली पोरं ढिगाने लिहितात, पण लाँचवरचा ड्रायव्हर बाप कुणाकडे होता? लोक पत्र टाकून विचारायचे की बाबा काय म्हणाले. तुझ्या त्या दोन शब्दांवर माझं नाव झालं, बाबा. हे मी आजवर कबूल केलेलं नाही, सगळ्यांना सांगते की माझा कान तयार आहे.

मग तो काळा, मोठा हेडफोन आला, गादीसारख्या कुशनचा. बाहेरचा आवाज कापतो असं डब्यावर लिहिलेलं. घरात मी तो मिक्सर लावून पाहिला, पंख्याखाली पाहिला, आणि मला अक्कल सुचली. मी म्हटलं, बाबा, उद्या इंजिनाजवळ घालून बघ. माझा फोन तुझ्या हातात दिला, बटण दाखवलं, पढवलं, की गाणं लाव, एकेक पायरी आवाज वाढवत जा आणि इंजिनाची घरघर गाण्याखाली बुडेल ती कितवी पायरी ते मोज. तू निमूटपणे दोनदा समजून घेतलंस. आईने डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी बांधली होती, त्यावर तू तो हेडफोन माझ्या ओढणीत गुंडाळून ठेवलास, तेल लागू नये म्हणून. संध्याकाळी परत आलास तेव्हा हातपाय धुतलेस आणि मी विचारायच्या आधीच म्हणालास, "सात." मी वहीत सात लिहिलं. तुझा चेहरा पाहिला नाही. पाहिला असेल, पण मला सात मिळाले होते.

जेवायला बसलो तेव्हा शेजारची काकी सांगत आली की रेवसला लाँच धक्क्यावर आपटली. ओहोटी होती, पाणी कमी, लाँच मागे घ्यायची तिथे पुढेच गेली. बोडणी गावची एक म्हातारी टोपलीसकट पडली आणि तिचा खुबा मोडला. तू ताटातला भात कालवत राहिलास. दुसऱ्या दिवशी मालकाने दोघांना बोलावलं आणि सारंगकाकांनी सरळ सांगितलं, की मी घंटा उशिरा दिली, ड्रायव्हरचा काही दोष नाही. त्यांना सुकाणूवरून काढलं. आणि मी, तुझी शिकलेली पोर, भर धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीसमोर त्यांना गाठलं. म्हटलं, तुमच्या हलगर्जीपणामुळे माझ्या बाबाचं नाव गेलं असतं, म्हातारी मेली असती तर कुठे तोंड लपवलं असतंत? लोक ऐकत होते. काका मान खाली घालून उभे होते. तू बाजूला बाकड्यावर बसला होतास आणि मला एकदाही गप्प हो म्हणाला नाहीस. पुढच्या हंगामात तू आपणहून काम सोडलंस, आणि मग ओटीवर नुसता बसायला लागलास. दोन वर्षांत गेलास. डॉक्टर म्हणाले हृदय, आई म्हणाली सारंगाने खाल्ला. मीही तेच म्हटलं, कारण ते म्हणायला सोपं होतं.

परवा काकांनी दुकानात उभ्या उभ्या सांगितलं ते असं. मागे घ्यायचे तीन टोले वेळेवर दिले होते, एकदा नाही, दोनदा. तुला चार-पाच वर्षांपासून ती ऐकू येत नव्हती आणि हे फक्त त्यांना ठाऊक होतं. तुझी बोटं तारेवर असायची, ते वरून जरा जोरात ओढायचे, तुला झटका कळायचा, असं तुमचं चाललं होतं. एकही फेरी चुकली नाही. त्या दिवशी लाँच लागल्यावर ते खाली धावले तर तुझ्या एका हातात दांडा, दुसऱ्या हातात माझा फोन, आणि तार मोकळी लोंबतेय. "तो माज्याकडं बघून रडला पोरी. म्हनाला, पोरीला कलू देव नको. मी म्हनालो, ड्रायव्हर भयरा हाय आसा झाला तं तुला कोन बोटीवर घेनार नाय. सारंग चुकला तं चुकला, मी कुठंबी जाल विनीन." जाळीच विणत राहिले ते चौदा-पंधरा वर्षं. मी विचारलं, मग आज का सांगताय? तर म्हणाले, "आता मी पन चाललो. तुज्या आयशीला सांग. एकदा तुमच्या ओटीवर बसून च्या पितो, आनि मंग मेलो तरी चालंल." एवढंच मागितलं त्या माणसाने. नातवाचा इअरफोन मी बदलून दिला, त्याचे पैसे त्यांनी मोजून ठेवले आणि गेले.

काल दुपारी आई वाल सोलत बसली होती. मी तिच्याजवळ बसले, चार शेंगा सोलल्या आणि म्हटलं, आई, सारंगकाका म्हणतात घंटा वेळेवर दिली होती, बाबालाच ऐकू आली नाही. मला वाटलं होतं ती अंगावर येईल. ती शेंगा सोलतच राहिली. म्हणाली, "तुजा बापूस भयरा व्हता ता मना काय सांगतंस? मी त्याच्याबरबर नांदली. रात्री दार वाजला तं मी उठायची, तो नाय. तुला कलू नये म्हनून मी तुज्यासमोर त्याच्याशी वराडून बोलायची, लोकांना वाटायचा मी कजाग." मग तिने हात थांबवले. "पन तार हातात आसताना तो चुकनारच नाय. मना म्हाईत हाय. त्यानं मना सांगितलेला. तार वढलीच नाय त्या मेल्यानं, आनि आता मरनाच्या दारात शब्द फिरवतंय." मी म्हटलं, तार हातात नसेल त्या दिवशी. तिने माझ्याकडे पाहिलं. "का नसंल? हातात काय व्हता त्याच्या?"

बाबा, सांगायला दोन शब्द पुरले असते. माझा फोन. तेवढ्यावर काका आज आपल्या ओटीवर बसले असते, बशीत ओतून चहा प्याले असते. मी म्हटलं, मला काय माहीत. आई परत शेंगांकडे वळली आणि त्यांना एक शिवी हासडली, आणि मी आत जाऊन उद्याच्या व्हिडिओची तयारी करायला लागले. मला आता काहीच दुरुस्त होईल असं वाटत नाही. काकांचे दिवस थोडे आहेत, आईचेही फार नाहीत, आणि मी ओळखते मला, मी दोघांना असंच जाऊ देईन. तो जुना लेख अजून इंटरनेटवर आहे. त्यात लिहिलंय की धावत्या डिझेल इंजिनाशेजारी सातव्या पायरीला घरघर बुडते, हे प्रत्यक्ष लाँचवर तपासलेलं आहे. महिन्यातून एखादा अजून तो वाचून मला शाबासकी देतो. मी आभार मानते.

हे पत्र घालायला पेटी नाही, आणि असती तरी मी घातलं नसतं, कारण तू ते आईला वाचून दाखवलं असतंस. तेव्हा एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. सारंगकाकांना वाटतं मला परवा कळलं. आईला वाटतं तिने मला कळू दिलं नाही. तूही तेच समजून गेलास. त्या लाँचच्या दिवसाआधी दोन महिने, एका रविवारी, मी तुला ओटीवर हेडफोन घालून बसवलं आणि आत चहा ठेवायला गेले. परत आले तर तू डोळे मिटून मान डोलवत होतास, मांडीवर बोटांनी ठेका धरला होतास. फोन उचलला तर बॅटरी संपून तो केव्हाच बंद पडला होता. मी हेडफोन काढला आणि विचारलं, कसा आहे? तू म्हणालास, "ग्वाड हाय. झांजा एकदम साफ." मी फोन चार्जिंगला लावला आणि झांजा साफ असं लिहायला बसले.