दुसरी सही

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला बँकेतल्या कर्जाच्या बाईंनी माझ्या फाइलचं तिसरं पान उलटलं आणि मालकिणीची सही कुठे आहे, असं विचारलं. त्या क्षणी सगळं फिरलं. मी घेतोय तो कंपाउंडरकाकांचा फ्लॅट त्यांच्या एकट्याचा नाहीच. खरेदीखतात त्यांच्या बायकोचंही नाव आहे. आणि मी ते वाचलं होतं, ताई! दारावरच्या पाटीवरही दोघांची नावं जोडीने आहेत. मला वाटलं, काय हे प्रेम! लग्नानंतर आम्हीही अशीच पाटी लावू. बायको सहा वर्षांपूर्वीच निघून गेलीय, हे मला कोण सांगणार?

विसार देऊन बसलोय. कॉलेज सोडून वाचवलेली फी आणि तुझे पैसे, सगळे त्यात. दोन खोल्या भाड्याने द्यायच्या, भाड्यातून हप्ता फेडायचा आणि जिच्यासाठी हे सगळं, तिच्या वडिलांपुढे मालक म्हणून उभं राहायचं, एवढंच ठरवलं होतं. त्यांनी महिनाअखेरीची मुदत दिलीय. त्यानंतर त्यांचा तो इंजिनिअर आहेच टपून.

रागाव, पण लिही.

तुझा
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू भांडतोस, म्हणून पत्रच बरं. अरे, चप्पल घेताना चार दुकानं पालथी घालतोस आणि घर घेताना पाटी बघून विरघळलास? तुझे भाऊजी आधी खूप हसले, मग पासबुक काढून बसले. पैसे त्यांचेही आहेत.

वकील केला होतास, की दलालाचाच वकील तुझाही? कर्ज नाकारलं तर विसार परत मिळेल की बुडेल, करारात काय लिहिलंय ते बघ. काकांचं गोड बोलणं वाऱ्यावर जातं, कागद तेवढा राहतो. मग काकांच्या बायकोला जाऊन भेट. आवाज चढवू नकोस.

आणि तुझ्या त्या दातांच्या दवाखान्यातल्या राणीला हे माहीत आहे ना? तिच्यावर पानंच्या पानं लिहितोस, पण ती काय म्हणाली हे कधीच नसतं.

जेवत जा. माया आहेच, अक्कलही पाठवता आली असती तर पाठवली असती.

तुझी
ताई

३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वकील दलालाचाच होता. आजपर्यंत कर्ज झालं नाही तर विसार बुडाला, असंच करारात आहे. झालं समाधान?

काकांच्या बायकोला भेटलो. त्या बाई शिवणक्लास चालवतात. कापड बेतता बेतता सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, निम्मे हप्ते त्यांनी मशीनवर बसून फेडलेत, आणि घर विकायचं का हे त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. मी आवाज चढवला. क्लासमधल्या मुली हसल्या.

ती काय म्हणाली, ते आता सांगतो. विसार देण्याआधीच तिने विचारलं होतं की दुसऱ्या नावाची सही कुठंय. मी तिला म्हणालो, दवाखान्यातली सवय घरी आणू नकोस, सगळ्यांचे दात काय मोजतेस! काल म्हणाली, घरात सांगायला तिच्याकडे आता काहीच उरलं नाही. रविवारी इंजिनिअरकडची माणसं येणार आहेत. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

लोभ ठेवण्याजोगं माझ्यात काही राहिलं नसेल, तरी ठेव.

धाकटा

ता. क. पाकीट बंद करण्याआधी काकांनी बोलावलं. बायकोची सही असलेला जुना चेक पुढे सरकवला. म्हणाले, त्यांचा हात थरथरतो, माझा तरुण आहे. बँकेत बायकोच्या जागी मेहुणीला उभं करतील. ताई, मी नाही म्हणालो नाही. कोऱ्या कागदावर गिरवून पाहिली. तिसऱ्यांदा हुबेहूब जमली. एवढी एक सही, की रविवारच्या आत तिच्या दारात उभं राहता आलं असतं. बँकेची फाइल समोर होती, पेनही हातात होतं. पण विसार देताना मीही त्या बाईंना विचारलं नव्हतं, आणि आता तर त्यांच्या नावानेच लिहिणार होतो. मी गिरवलेला कागद बारीक फाडून खिशात टाकला. काका म्हणाले, मग विसार विसर. उठलो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.