तुझ्या ऑपरेशनला मी का आले नाही

दि. ९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय चिमणे,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. टाके आता सुकले असतील, माझ्यावरचा राग मात्र अजून ओलाच असेल. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसत होते आणि रोज काहीतरी काम निघत होतं. खरं म्हणजे मीच काढत होते.

इकडे ठीक चाललंय. ह्यांचा उजवा हात तसाच आहे, पण बोलणं आता पुष्कळ कळतं. नर्सिंग ब्यूरोची बाई सकाळी आठला येते, बाराला जाते. तिला आम्ही मावशी म्हणतो, वयाने ती माझ्या मुलापेक्षाही लहान आहे. ह्यांना अंघोळ घालते, दाढी करते, कुशीवर वळवून पाठीला पावडर लावते. ती गेली की उरलेले वीस तास माझे.

भेटेल तो म्हणतो, नशीबवान आहात, ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर आहेत. खोटं नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर दवाखान्यातून आणलं त्या दिवशी ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं होतं, "घरीच ठेव." मी हो म्हटलं. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापलीकडे गेले नव्हते.

तुला फोनवर सांगितलं, की ह्यांच्याजवळ राहायला बाई मिळाली नाही म्हणून येता आलं नाही. ते खोटं होतं.

बाई मिळाली होती. मावशीच चार दिवस मुक्कामाला यायला तयार झाली. मुलाने फोनवरून ब्यूरोशी सगळं ठरवून दिलं. मी गोळ्यांच्या वेळा लिहून भिंतीला चिकटवल्या, घास केवढा द्यायचा, मान कशी टेकवायची, सगळं तिला करून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "आजी, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं."

ठरल्या दिवशी सकाळी साडेदहाला निघाले. स्टेशनवर तिकीट काढलं, चहा घेतला आणि बाकावर बसले. किती दिवसांनी चहा गरम असताना संपवला. हाक मारणारं कोणी नव्हतं. गाडी आली, दारं उघडली, आणि मला उठवेना. पाय दुखत होते म्हणून नाही. एकदम मनात आलं, की ह्या गाडीत बसले तर मी परत येणार नाही. तुझ्या गावालाही उतरणार नाही, गाडी जाईल तिथवर जाईन. इतकं स्पष्ट आलं मनात, की मी पिशवी घट्ट धरून बसून राहिले. ती गाडी गेली. पुढचीही गेली.

सेहेचाळीस वर्षांत हा माणूस मला एकदाही वेडंवाकडं बोललेला नाही. आणि मी त्याच्यापासून पळायला निघाले होते, तेही आजारी बहिणीचं निमित्त करून. मग तुला कुठल्या तोंडाने भेटणार होते?

चारच्या सुमारास घरी परतले. किल्लीने दार उघडलं तर आतून हसण्याचा आवाज. हे हसत होते, चिमणे. मावशी त्यांना एका हाताने पत्ते पिसायला शिकवत होती आणि अख्खा कॅट पांघरुणावर सांडला होता. मी दारातच उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं आणि हसू थांबलं.

"कशाला आलीस?"

"गाडी चुकली," मी म्हटलं.

मावशी खाली मान घालून पत्ते गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी भरवताना त्यांनी तोंड बाजूला केलं. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "निघताना तू 'येते' नाही म्हणालीस. 'जाते' म्हणालीस."

मला आठवतसुद्धा नव्हतं.

"मला वाटलं, सुटलीस. बरं वाटलं."

"आणि तुमचं काय झालं असतं?"

"तू दिवसभर माझ्याकडे बघत असतेस. श्वास मोजत असतेस. मलाही कंटाळा येतो गं."

आधी मला रागच आला. दोन वर्षं जिवाचं रान केलं ते हे ऐकायला? वाडगा घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. मी समजत होते, त्यांच्यापायी मी अडकले. ते बिचारे माझ्यापायी अडकले होते, आणि त्यांना उठून स्टेशनापर्यंतही जाता येत नव्हतं.

त्याला तीन आठवडे झाले. आम्ही दोघं तो विषय काढत नाही. मी त्यांच्याकडे कमी बघायचा प्रयत्न करते, ते माझ्यासमोर हसायचा प्रयत्न करतात. दोघांनाही जमत नाही.

काल मी स्वतः ब्यूरोला फोन केला. सोमवारपासून मावशी पंधरा दिवस राहील. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "जा." फॉर्मवर परतीची तारीख लागते म्हणून तिथल्या मुलीने विचारली. एक सांगून टाकली.

सकाळच्या गाडीने निघेन. पण गाडी समोर आल्यावर चढता येईल की नाही, हे माझं मलाच ठाऊक नाही. मंगळवारपर्यंत आले नाही, तर फोन करून कारण विचारू नकोस. आणि आलेच, तर परत कधी जाणार, हे पहिले काही दिवस तरी विचारू नकोस.

तुझीच,
ताई