ऑइल पेंटमुळे लागणारी धाप

३ मार्च, सकाळी
पाठ लाकूड झालेली. मोजे घालायला वीस मिनिटं. मणक्यांचा संधिवात अठरा वर्षांचा, त्याचं काही वाटत नाही. धाप मात्र नवी. कारण सापडलं: ऑइल पेंटचा वास. उद्यापासून फक्त पाण्यातले रंग. प्रश्न मिटला.

६ मार्च
पाण्यातलाच रंग, तरी दुसऱ्या भिंतीला धाप. म्हणजे शिडी जड आहे. मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, माझा पार्टनर. म्हणाला, ॲल्युमिनियमची शिडी कसली जड. त्याला कामातलं काय कळतं.

९ मार्च
संधिवाताच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, हृदयाचा इको करा. पाठीतली सूज म्हणे कधीकधी हृदयाच्या झडपेपर्यंत जाते. मी म्हटलं, पाठ मागे, हृदय पुढे, कशी जाईल? त्या हसल्या नाहीत. चिठ्ठी पाकिटात. शाळेचं काम संपलं की बघू.

१४ मार्च, दुपारी
शाळेचा हॉल. मान वर होत नाही, म्हणून कंबरेतून मागे कलून छताची कड मारत होतो. डोळ्यांपुढे अंधार. शिडीला मिठी मारली. छातीत कुणीतरी दार बडवत होतं. मेहुण्याने एकेक पाऊल धरून खाली उतरवलं. नाश्ता कमी पडला, दुसरं काय. उद्यापासून दोन अंडी. बहिणीला काही सांगायचं नाही, असं त्याला बजावलंय.

१४ मार्च, संध्याकाळी
सांगितलं त्याने. बायको ओरडली नाही. पाकिटातून चिठ्ठी काढली आणि फोन लावला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१७ मार्च
इको झाला. डाव्या कुशीवर वळायलाच पाच मिनिटं गेली. मग हृदयाचे डॉक्टर म्हणाले, हृदय आवळतं उत्तम. मी तिथूनच मेहुण्याला कळवलं, हार्ट फर्स्ट क्लास. पुढचं बायको ऐकत होती.

१८ मार्च
पुढचं असं: आवळतं नीट, पण सैल पडायला वेळ लावतं, म्हणून रक्त पुरेसं भरत नाही. शिवाय एक झडप गळते. रोज गोळ्या, सहा महिन्यांनी पुन्हा इको, शिडी बंद. मी म्हटलं, गळती म्हणजे किरकोळ काम. बायको म्हणाली, किरकोळ नाही, मध्यम लिहिलंय. आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ नळ चालू होता.

२० मार्च
गोळ्या आणायला दोघं चालत गेलो. सपाट रस्ता. ठरवलं होतं, न थांबता जायचं. वाटेत हार्डवेअरच्या दुकानापाशी बायको थांबली आणि काचेतले स्क्रू बघत बसली. तिला स्क्रूंचं काय पडलंय, विचारणार होतो. बोलायला श्वास नव्हता. श्वास परत आल्यावर ती म्हणाली, चला.